घोंगडीखाली ठेवलेली अंडी

वामनरावांचा आणि कोंबड्यांचा संबंध म्हणाल तर तो एसटीतला. चिखली आगारात ते ड्रायव्हर होते तेव्हाची गोष्ट. साखरखेर्ड्याच्या बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीत माणसांपेक्षा कोंबड्यांचाच कलकलाट जास्त असायचा. एकदा ऐन थंडीत एका म्हातारीच्या डालग्यातून कोंबडी निसटली. माणसांच्या डोक्यांवरून फडफडत ती थेट पुढे आली आणि ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या बोनेटवर बसली. बोनेट गरम, बाहेर झोंबरा वारा. कशाला उठते ती! कंडक्टरनं हाकललं, म्हातारीनं हाका मारल्या, पण बाईसाहेब जानेफळ येईपर्यंत हलल्या नाहीत. उठल्या तेव्हा बोनेटवर अंडं. कंडक्टर म्हणाला, "घ्या, हा एक बिनतिकिटाचा वाढला." म्हातारीनं ते अंडं वामनरावांच्या हातात दिलं. म्हणाली, "ठेवून घ्या ड्रायव्हरसाहेब, तुमच्या गाडीनंच दिलं ते."

ही गोष्ट वामनराव निवृत्तीनंतर पारावर इतक्या वेळा सांगत, की ऐकणाऱ्यांना अंड्याचा रंगसुद्धा पाठ झाला होता. पण घरच्या कोंबड्यांकडे मात्र त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. ते खातं गोजरबाईंचं. दाणे टाकणं, खुराडं झाडणं, घारीवर लक्ष ठेवणं, सगळं त्याच करत. वामनरावांच्या पायात कोंबडी आली तर ते गाडीसमोर म्हैस आल्यासारखे थांबत आणि ओरडत, "अवं, हे तुहं लेंढार आवर!"

त्या लेंढाराची एक कुळकथा होती. गोजरबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. गजेंद्रला मांडीवर घेऊन सासरी परत निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईनं, अन्नपूर्णाबाईनं, एका टोपलीत तलंग दिली होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. राखी अंगाची, डोक्यावर पिसांचा झुबका असलेली. त्या तलंगीच्या लेकी, लेकींच्या लेकी अशी ही वेल चालत आली होती. गल्लीत कुठंही झुबक्याची राखी कोंबडी दिसली की शेजारीपाजारी कुणाला न विचारता गोजरबाईंच्या अंगणात हाकलून देत. अन्नपूर्णाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पण सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि राखी झुबके एकामागून एक बाहेर आले, की गोजरबाई हळूच म्हणत, "आल्या माहेरच्या."

यंदा दिवाळी सरली आणि गावात मानमोडी आली. कोंबड्यांचा हा रोग एकदा शिरला की खुराडी ओस पडतात. माना वाकड्या करत, गरागरा फिरत पाखरं पडली. गोजरबाईंचा झुबक्याचा कोंबडा गेला, कोंबड्या गेल्या. शेजारच्या नूरबीचंही अंगण रिकामं झालं. गोजरबाईंनी चार दिवस खुराड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका दुपारी त्या गाईला कडबा काढायला गेल्या, तर गंजीच्या आतल्या बाजूनं "कुर्र" असा रागीट आवाज आला. वाकून पाहतात तर त्यांची सगळ्यात जुनी कोंबडी, जिला त्या बुढीच म्हणत, कडब्याच्या बिळात अंडी घालून बसलेली. चोरून घरटं केलं म्हणून ती कळपापासून दूर राहिली होती आणि म्हणून वाचली होती. तिच्याखालची अंडी तेवढी त्या झुबक्याच्या कोंबड्याची शेवटची.

गोजरबाईंनी पडवीच्या कोपऱ्यात टोपल्यात गव्हाचं काड अंथरलं. नजर लागू नये, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून त्यात एक कोळसा, एक खिळा आणि लाल मिरची ठेवली. मग अंडी मांडून बुढीला त्यावर बसवली. आणि दुसऱ्याच दिवशी चाकणहून गजेंद्रचा फोन आला, की सून पुष्पांजलीचे दिवस भरत आले आहेत, आई, तू लवकर ये.

गोजरबाईंची पिशवी भरून होईना. इकडे नातवंड, तिकडे टोपलं.

"आयका," त्या वामनरावांना म्हणाल्या. "आता बुढी म्हतारी झाली. पुन्हा अंड्यावर येते का नाही, देव जाणे. कोंबडाबी नाही राह्यला. यातून पिल्लं निंगाले तं निंगाले, नाही तं माह्या मायची निशाणी गेली समजा."

"मी पाहतो ना."

"तुमी काय पाहसान! तुमाले कोंबडीचं तोंड कोणतं अन् शेपूट कोणतं, ते तरी समजते का?"

"तोंडानं ओरडते, ते तोंड."

"नूरबीले इचारत जा. अन् ती दिवसातून एकदा उठन, खाईन, पाणी पिईन, तिच्या मनानं जाऊन बसन. तिच्या मधात पडू नोका." एवढं सांगून त्या जीपमध्ये बसल्या. जीप वळेपर्यंत त्यांची नजर पडवीकडेच होती.

तर अशी वामनरावांची नवी ड्यूटी सुरू झाली. बुढीखेरीज खुराड्यात बाजारातून आणलेल्या काही पांढऱ्या तलंगा होत्या. गोजरबाईंना रिकामं खुराडं बघवेना म्हणून त्यांनी जाण्याआधी त्या आणल्या होत्या. पहाटे उजाडता उजाडता वामनराव कानाला मफलर गुंडाळून अंगणात येत. दवानं पत्रा ओला झालेला असे. खुराड्याच्या तोंडावरचं पोतं बाजूला सारलं की आतून ऊबदार वाफ त्यांच्या तोंडावर येई. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आत कोणी शेगडी ठेवली की काय! हात घालून पाहिला. शेगडी कुठली? एकमेकींना चिकटून बसलेली पाखरं, बस्स. एवढ्याशा जिवांनी रात्रभर एवढी थंडी बाहेर ठेवली!

मग त्यांना नादच लागला. ज्वारीच्या कण्या जरा गरम करून टाकायच्या, पाणी कोमट करून ठेवायचं. ऊन अंगणात आलं की तलंगा चुलीच्या राखेत लोळायच्या, पंख पसरून निजायच्या, आणि वामनराव खाटेवरून बघत राहायचे. वारा सुटला की एकेक तलंग कापसाच्या बोंडासारखी फुगायची, एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घ्यायची आणि एका पायावर उभी राहायची. थोड्या वेळानं पाय बदलायची.

"नूरबी, पाह्यलं का?" वामनराव कुंपणावरून ओरडायचे. "एक पाय शेकते, मंग दुसरा!"

नूरबी पलीकडे भांडी घासत असायची. ती हसायची. "भाऊ, कोंबड्या काय आज निंगाल्या का? तुमीच आज पाहून राह्यले."

यात बुढी वेगळीच. दिवसभर टोपल्यात दगडासारखी. डोळे अर्धे मिटलेले. जवळ गेलं की पिसं ताठ करायची आणि कुरकुरायची. दुपारी एकदा उठायची, घाईघाईनं खायची, राखेत एक लोळण घ्यायची आणि परत. संध्याकाळी गोजरबाईंचा व्हिडिओ कॉल आला की वामनराव फोन टोपल्याकडे नेत. तिकडे गोजरबाई आधी बुढीची चौकशी करायच्या आणि मग नवऱ्याची.

तिसरा आठवडा लागला आणि थंडीनं जोर धरला. एका दिवशी तर सकाळपासून आभाळ भरून आलेलं, ऊन नावाला नाही. त्या दिवशी बुढी दुपारी उठलीच नाही. संध्याकाळी, तलंगा खुराड्यात शिरायच्या वेळेला ती टोपल्यातून उतरली, थोडं खाल्लं, आणि पंख लोंबते ठेवून, पिसं फुगवून अंगणात उभी राहिली. वामनराव जवळ गेले. मानमोडीतली पाखरं अशीच उभी राहत होती. त्यांनी हिय्या करून तिला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी उचलली त्यांनी. पोटाखाली हात गेला आणि ते दचकलेच. पोटाला पिसंच नव्हती! उघडी कातडी, लाल झालेली आणि तापलेली, तव्यासारखी.

ताप! पिसं झडली आणि ताप चढला. आता बुढीही गेली, आणि अंड्यांवर बसली तर अंड्यांनाही रोग लागणार. नूरबीला विचारावं तर ती मेहकरला लेकीकडे गेलेली, सकाळी येणार. गोजरबाईंना सांगावं तर त्या तिकडे अर्ध्या रात्री गाडीत बसतील. वामनरावांनी ड्रायव्हरच्या हिशेबानं विचार केला. गाडी बिघडली तर पॅसेंजर दुसऱ्या गाडीत बसवायचे. त्यांनी बुढीला हळदीचं पाणी पाजलं आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली झाकून ठेवलं. मग अंड्यांकडे वळले. घरात सगळ्यात ऊबदार चीज कोणती? त्यांची घोंगडी. बापाची, काळ्या मेंढीच्या लोकरीची, जी अंगावर घेतली की माघातसुद्धा घाम फुटे. ती त्यांनी चार पदरी करून टोपल्यावर पसरली, कडा नीट खोचल्या, वरून थोपटलंसुद्धा. "राहा आता गरम," म्हणाले.

बुढी रात्रभर डालग्याला धडका देत होती. वामनरावांना वाटलं, तापात बरळते बिचारी.

सकाळी त्यांनी घोंगडी उचलली, आत हात घातला आणि हात तसाच राहिला. अंडी पैनगंगेतल्या गोट्यांसारखी गार पडली होती. एक उचललं, दुसरं उचललं. सगळी तशीच.

"नूरबी! वो नूरबी!"

नूरबी नुकतीच जीपमधून उतरली होती. ती पिशवीसकट धावत आली. वामनरावांनी ताप सांगितला, झडलेली पिसं सांगितली, घोंगडी दाखवली. नूरबीनं आधी कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! भाऊ, घोंगडी काय अंगार हाये का? तिच्यात तुमी झोपता म्हणून ती गरम होते! तिच्यात जीव नाही तं तिले ऊब कुठून येईन?"

वामनराव घोंगडीकडे बघत राहिले. इतकी वर्षं पांघरली, पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कधी आली नव्हती.

"अन् तो ताप?"

"ताप नाही वो तो. रवणीवर, म्हंजे अंडे उबवाले, बसली का कोंबडी आपलेच पिसं आपल्या चोचीनं उपटते. पोट उघडं करते. मंधात पीस आलं तं अंड्याले आंग कसं लागन?"

"आपलेच पिसं? एवढ्या थंडीत?"

"मंग काय उन्हाळ्याची वाट पाहीन?"

नूरबीनं जाऊन डालगं उचललं मात्र, बुढी त्या दोघांच्या पायांमधून सुटली ती सरळ टोपल्यात. समोर कण्या होत्या, पाणी होतं, ढुंकून पाहिलं नाही. त्या गारठलेल्या अंड्यांवर तिनं उघडं पोट टेकलं, एकदा सगळं अंग शहारलं, आणि मग ती हळूहळू पसरत गेली. चोचीनं एकेक अंडं आत ओढलं. नूरबीनं तव्यावर ज्वारी तापवून फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी टोपल्याच्या कडेनं खोचली.

"करून पाहू," ती म्हणाली. "पण भाऊ, रातभर... मी काही सांगत नाही. गोजरबाईले काय सांगसान ते तुमचं तुमी पाहा."

त्या सकाळी वामनराव पारावर गेले नाहीत. चहा केला तो ओट्यावरच गार झाला. त्यांना सारखी अन्नपूर्णाबाई दिसत होती, लुगड्याचा पदर खोचून लेकीच्या टोपलीला झाकण बांधणारी. आणि मग त्यांना आपली आई आठवली. आई अंडी फुटायच्या आधी परातीत कोमट पाणी घ्यायची आणि त्यात अंडी सोडायची. वामन लहान होता, परातीत बोट घालायचा म्हणून मार खायचा. आत जीव असेल तर अंडं हलतं, असं काहीतरी आई म्हणायची.

दुपारी ऊन पडलं. बुढी उठली, दाण्याकडे गेली. वामनरावांनी परात अंगणात मांडली, हाताच्या कोपराला पाणी लावून पाहिलं, बाळाच्या आंघोळीचं पाहतात तसं, आणि नूरबीला हाक मारली.

"अंडे धुवून राह्यले का?"

"चूप राह्य. पाह्य फक्त."

त्यांनी अंडी एकेक करून पाण्यात ठेवली. अंडी तरंगली, जाड टोक वर करून, जरा तिरकी. पाण्याला लहर होती ती थांबली. परात आरशासारखी झाली. त्यात आभाळ दिसत होतं, दोघांची वाकलेली डोकी दिसत होती, आणि अंडी अगदी स्थिर. कुठंच काही नाही. नूरबी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती.

मग कडेच्या एका अंड्याभोवती पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठलं.

वारा असेल म्हणून वामनराव आडवे झाले, परातीला आपल्या अंगाचा आडोसा केला. वर्तुळ पुन्हा उठलं. आणि ते अंडं हललं. झोपेत माणूस कूस बदलतो ना, तसं. मग त्याला धक्का बसला, जोरात, आतून कोणी लाथ मारावी तसा, आणि ते शेजारच्या अंड्याला धडकलं. आणि शेजारचंही हललं! एक इकडे डुललं, एक तिकडे झुकलं, एकानं तर गिरकी घेतली. हात नाही, वारा नाही, बंद कवचातून ती परातभर नाचत होती.

"सुभानल्ला," नूरबी म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

वामनराव अंगणात पालथे पडले होते, हनुवटी मातीला टेकलेली. पुसट आवाजात म्हणाले, "जित्ते हायेत. बापा, सारे जित्ते हायेत." सारी नव्हती. दोन-तीन अंडी जागची हलली नाहीत. पण त्या घडीला हिशेब कोण करतो! बुढीच दाणे सोडून आली आणि परातीच्या काठावर चोच आपटायला लागली, तेव्हा कुठं त्यांना अंडी पुसून टोपल्यात ठेवायचं भान आलं.

संध्याकाळी गोजरबाईंचा कॉल आला. फोन टोपल्याकडे नेण्याआधीच वामनरावांनी सगळं सांगून टाकलं. ताप, हळदीचं पाणी, डालगं, घोंगडी. फोनवर गोजरबाईंचा चेहरा आधी दगडासारखा झाला. मग परातीचं आलं, तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"शिव्या दे ना," वामनराव म्हणाले.

"घोंगडी कोणती म्हणले तुमी? तुमची?"

"हाव."

"मंग तुमी काय पांघरून झोपले एवढ्या थंडीत?"

वामनरावांनी कान खाजवला. "पोतं होतं ना एक."

"तुमाले ठेवून मी इकडे आली, माहंच चुकलं," गोजरबाई म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता.

त्यानंतरचे दिवस बुढी टोपल्यातून अजिबात उठली नाही. वामनराव वाटीत पाणी तिच्या चोचीजवळ धरत. ती प्यायची आणि मग त्यांच्या बोटाला टोचायची. एका सकाळी पाणी धरताना तिच्या पोटाखालून आवाज आला. चिव. अगदी बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बुढीनं मान वाकवली आणि घशातल्या घशात उत्तर दिलं. असा आवाज तिनं आजवर काढला नव्हता. मऊ, तुटक, फक्त आतल्यासाठी. पुन्हा चिव. पुन्हा उत्तर. अजून जगात आलं नाही, आईला पाहिलं नाही, आणि बोलणं सुरू! वामनराव वाटी हातात धरून तसेच उकिडवे बसले. पाय सुन्न झाले तरी उठवेना. नूरबी येऊन त्यांच्या शेजारी बसली.

एका अंड्याला तडा गेला. तड्यातून इवलंसं टोक दिसलं, थांबलं, दमलं, पुन्हा ठोकू लागलं. कवच गोल कापत, घाई न करता. मग टोपी काढावी तसं झाकण बाजूला झालं आणि ओलंचिंब, वाकड्या मानेचं, डोळे मिटलेलं काहीतरी बाहेर लोळलं. बुढीनं त्याला पंखाखाली ओढलं. थोड्या वेळानं तेच बुढीच्या मानेजवळच्या पिसांतून वर आलं, वाळलेलं, फुगलेलं, राखी. त्याच्या डोक्यावर पिसांचा एवढासा उंचवटा होता. त्यानं थंडीतल्या अंगणाकडे एकदा पाहिलं आणि परत आत बुडी मारली.

फोन केव्हापासून वाजत होता. नूरबीनं उचलून वामनरावांच्या समोर धरला. पडद्यावर गोजरबाई होत्या, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं काही.

"आयकलं का? नात झाली पहाटे! अन् तिकडे काय झालं? आवो, बोला ना!"

वामनरावांनी फोन घेतला आणि टोपल्याकडे वळवला.

"आग माय," गोजरबाईंच्या तोंडून निघालं. "झुबका हाये त्याले. दिसला मले. कितीक निंगाले? काऊन बोलून नाही राह्यले तुमी?"

"थांब ना जराशी," वामनराव कुजबुजले. "आनखी एक फुटून राह्यलं."